बाळंतविडा आणि ‘कॉटन’

महोदय,

दिवाळीत सूनबाईंनी गोड बातमी दिली आणि मी ट्रंकेतून आईचं नऊवारी लुगडं काढलं. वर्षानुवर्षं धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. खाली-वर लुगडं, मध्ये ह्यांची दोन जुनी धोतरं, असे पदर जमिनीवर अंथरून कडेपासून आत धावदोरा घालत गेले. एक गोधडी, दोन दुपटी, एक कुंची आणि सहा झबली, एवढ्याला अडीच महिने लागले. (चष्म्याचा नंबरही त्यातच वाढला.) झबल्यांना बटणं नाहीत, बंद लावलेत. बटण तुटलं की पोराच्या तोंडातच जायचं!

नातू आल्यावर सूनबाई म्हणाल्या, ‘‘आई, डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षाच्या आत झोपताना अंगावर सैल पांघरूण नको.’’ दोन दिवस मी घुश्शात होते. मग पटलं. आता तो जागा असताना गोधडी खाली अंथरतो, त्यावर तो पालथा पडून मान उचलतो.

माझी तक्रार दुकानदारांबद्दल आहे. दुपट्यांसाठी ‘शंभर टक्के कॉटन’ म्हणून कापड आणलं. सुईला ते गुळगुळीत लागलं, म्हणून एक दोरा जाळून पाहिला. सुती दोरा कागदासारखा जळतो, मऊ राख पडते. याची वितळून कडक गोळी झाली! तान्ह्यासाठी हवंय असं सांगूनही ही फसवणूक? कापड परत घेतलं नाहीच. त्याची मी पायपुसणी शिवली.

– एक आजी, सातारा