पार्किंगचे पाणी, बुजवलेला वाफा आणि आपली बोअरवेल: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दि. ७ जुलै २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

विषय: बी विंगसमोरील पार्किंगचे पाणी कोणत्याही शुद्धीकरणाविना बोअरवेलच्या पुनर्भरण खड्ड्यात जात असल्याबाबत.

संदर्भ: याच विषयावरील माझी यापूर्वीची पत्रे व त्यांना न मिळालेली उत्तरे.

महोदय,

हे पत्र तक्रार म्हणून न वाचता एका सभासदाचे निवेदन म्हणून वाचावे, अशी सुरुवातीलाच विनंती करतो. तक्रारी मी यापूर्वी दिल्या आहेत, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, आणि त्यांवर समितीने काय केले याची नोंद मला कोणत्याही इतिवृत्तात आढळलेली नाही. आदर्श उपविधींनुसार सभासदाच्या तक्रारीवर समितीने लगतच्या सभेत निर्णय घेऊन तो त्यानंतर १५ दिवसांत कळवणे अपेक्षित आहे. मधल्या काळात समितीच्या सभा झाल्या, त्यांच्या चहा-फराळाचा खर्च हिशेबात दिसतो. निर्णय तेवढा दिसत नाही.

मूळ रचना आपल्याला ठाऊक असेलच, तरी नवीन समिती सदस्यांसाठी थोडक्यात सांगतो. गच्चीवरील पाणी स्वतंत्र पाइपांनी पुनर्भरण खड्ड्यात येते आणि तेथील गाळणीतून बोअरवेलमध्ये उतरते. पार्किंगच्या उतारावरून वाहणारे पाणी मात्र थेट खड्ड्यात जाऊ नये, यासाठी मागच्या समितीने कुंपणाच्या कडेने कर्दळ आणि वाळा लावलेला एक खोलगट वाफा केला होता. उताराचे पाणी आधी त्यात साचावे, मातीत मुरावे, आणि जोराच्या सरीत जास्तीचे होईल तेवढेच जाळीवाटे खड्ड्याकडे जावे, अशी ती योजना होती. बी-१०१ च्या सदस्यांनी गेल्या हिवाळ्यात हा वाफा उपटून तेथे पेव्हर ब्लॉक बसवले. 'डास होतात' हे त्यांनी दिलेले कारण होते. ज्या जागी पूर्वी कर्दळ होती त्या जागी आता त्यांची तिसरी गाडी उभी असते, यावरून डासांचा बंदोबस्त पूर्ण झाला असे मानावयास हरकत नाही.

सेक्रेटरीसाहेबांचे त्या वेळचे तोंडी उत्तर असे होते की पेव्हर ब्लॉकमधूनही पाणी मुरतेच, मग वाफा काय आणि ब्लॉक काय. माझी हयात पाणीपुरवठ्याच्या सरकारी नोकरीत गेली आहे, म्हणून याचे सविस्तर उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो. पाणी मुरू देणारी फरसबंदी हा मान्यताप्राप्त उपाय आहे, यात वाद नाही. परंतु तीत सांधे उघडे ठेवावे लागतात, खाली बारीक आणि त्याखाली जाड खडीचे थर द्यावे लागतात, आणि सांध्यांत बसलेला गाळ वेळोवेळी काढावा लागतो. येथे काम सुरू असताना मी स्वतः उभा होतो. खाली काँक्रीटचा कोबा आणि सांध्यांत सिमेंट! त्यातून मुरते ते फक्त समितीचे उत्तर.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे या पाण्याची गुणवत्ता. पावसाचे पाणी स्वच्छच असते, असे खजिनदारांनी सर्वसाधारण सभेत सांगितले आणि सभागृहाने मान डोलावली. आभाळातून पडताना ते बऱ्यापैकी स्वच्छ असते, हे मलाही मान्य आहे. पण पुण्यात जवळपास आठ महिने जमीन कोरडी असते आणि त्या काळात पार्किंगवर जे जे सांडते, झडते आणि झिजते ते सगळे जूनच्या पहिल्या सरींबरोबर एकदम वाहू लागते: टायरच्या झिजेतून येणारे जस्त, ब्रेकच्या घर्षणाने सुटणारे तांबे, इंजिनचे तेल, धूळ, पक्ष्यांची विष्ठा. यांतील धातूंचा बराचसा भाग बारीक गाळाला चिकटून प्रवास करतो, त्यामुळे गाळ अडवला की त्यांचाही काही बंदोबस्त होतो. तेलाचे तसे नाही. ते हवेशीर मातीत, मुळांच्या आसपासच्या जिवाणूंकडून हळूहळू विघटित होते, आणि त्यासाठी पाणी तेथे काही काळ थांबावे लागते. गाड्या धुण्याच्या शाम्पूतील विरघळलेली द्रव्ये तर वाळूतून जशीच्या तशी पुढे जातात. खड्ड्यातील गाळणी आहे ना, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे की खाली दगडगोटे, मध्ये खडी आणि वर जाड वाळू ही केंद्रीय भूजल मंडळाने सुचवलेली रचना मुख्यतः गाळ वरच्या वाळूवर अडावा आणि तो खरवडून काढता यावा यासाठी आहे. तेलासाठी ती नाही, शाम्पूसाठी तर मुळीच नाही.

यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी वॉचमनला घेऊन खड्ड्याचे झाकण उघडले. जाळीवर पिवळट फेस अडकलेला होता आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. पाणी ओसरल्यावर वाळूचा वरचा दोन बोटे जाडीचा थर काळा आणि हाताला चिकट लागला. नखाने खरवडला तर डिझेलचा वास आला. वॉचमनने तो वास घेतला आहे, परंतु त्याची साक्ष लेखी घ्यावी असा माझा आग्रह नाही, कारण त्याला याच आवारात नोकरी करायची आहे.

हे सर्व अंदाजपंचे बोलणे आहे असे कोणी म्हणू नये म्हणून मोजमापाची एक पद्धत आपल्यासमोर ठेवतो. ब्रिटनमधील सिरिया (CIRIA) या बांधकामविषयक संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाश्वत जलनिस्सारणाच्या मार्गदर्शिकेत (क्रमांक सी ७५३) प्रत्येक प्रकारच्या जागेला तीन आकडे दिलेले आहेत: गाळ, धातू आणि तेलकट द्रव्ये यांच्या धोक्याचे. निवासी छताला ते ०.२, ०.२ आणि ०.०५ आहेत, तर निवासी पार्किंगला ०.५, ०.४ आणि ०.४. म्हणजे तेलाच्या बाबतीत पार्किंगचे पाणी गच्चीच्या पाण्याहून आठपट वाईट धरलेले आहे, आणि आपण दोन्ही एकाच खड्ड्यात सोडतो. उपायांनाही असेच आकडे आहेत आणि उपायाचा आकडा धोक्याच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असावा, असा साधा नियम आहे. पाणी भूजलात जाणार असेल तर किमान ३०० मिलिमीटर चांगल्या मातीवरील दाट झाडोऱ्याच्या थराला ०.६, ०.५ आणि ०.६ मिळतात. आपला बुजवलेला वाफा थोडाफार याच वर्गातला होता, म्हणजे निवासी पार्किंगसाठी तो पुरेसा होता. सिमेंटने सांधे भरलेल्या ब्लॉकला या हिशेबात काहीही मिळत नाही.

येथे एक बाब नम्रपणे नमूद करतो. बी-१०१ च्या सदस्यांच्या गाड्या निवासी वापराच्या आहेत, असे मी मानत नाही. त्या पर्यटन व्यवसायाच्या डिझेल गाड्या आहेत, पहाटे निघतात, रात्री येतात, आणि रविवारी आपल्या आवारात त्यांचे तेल बदलले जाते. म्हणून मी त्यांची जागा वरच्या वर्गात, म्हणजे सतत ये-जा असलेल्या बिगरनिवासी पार्किंगमध्ये धरली आहे. तेथे आकडे ०.७, ०.६ आणि ०.७ असे आहेत. हे वर्गीकरण मी केलेले असले तरी ते निःपक्षपाती आहे. या हिशेबाने जुना वाफादेखील कमी पडतो आणि तिन्ही बाबतींत ०.८ मिळवणारा, खाली गाळणथर असलेला मोठा जैवगाळणी वाफा करावा लागतो.

'हे इंग्लंडचे नियम, आपल्याला कशाला' असा शेरा मारला गेल्याचे मला कळले. आपल्याकडचा पाऊस तिकडच्यापेक्षा जोरात पडतो आणि त्याआधीचा कोरडा काळ लांब असतो, तेव्हा ते आकडे आपल्यासाठी सौम्यच ठरतील. शिवाय आपली बोअरवेल काळ्या पाषाणात आहे. बेसाल्टमध्ये पाणी भेगा आणि सांध्यांतून धावते. वाळूमातीच्या जाड थरांतून गाळले जाऊन खाली जाण्याची सोय तेथे फारशी नसते. आपल्या खड्ड्यातील पाणी तर पाइपाने थेट बोअरमध्येच उतरते, म्हणजे वर जे काही शुद्धीकरण होईल तेवढेच. दिल्लीत द्वारकेतील सोसायट्यांच्या पर्जन्यजल खड्ड्यांमुळे भूजल दूषित होत असल्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

पाणी तपासून घेतले आहे आणि अहवाल उत्तम आहे, हे समितीचे आणखी एक उत्तर. तो अहवाल मी मागून घेऊन वाचला. नमुना एप्रिलमध्ये घेतलेला आहे, जेव्हा पार्किंगवरून पाण्याचा थेंबही वाहिलेला नव्हता. तो गच्चीवरील टाकीतून घेतलेला आहे, जेथे बोअरच्या पाण्यात महापालिकेचे पाणी मिसळलेले असते. आणि तो शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलेला होता, असे भरणाऱ्यानेच मला सांगितले. तपासणी झाली ती सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड आणि विरघळलेल्या क्षारांची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) खनिज तेलासाठी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि डिटर्जंटसाठी ०.२ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. त्यांपैकी एकही गोष्ट तपासण्यास सांगितलेली नव्हती. जे शोधलेच नाही ते सापडले नाही, याचा आनंद समितीने परिपत्रक काढून साजरा केला. शुद्धीकरण होते की नाही हे पाहायचे असेल तर चांगल्या पावसात, एकाच वेळी, उतारावरचे, गाळणीनंतरचे आणि बोअरचे असे तीन नमुने घ्यावे लागतात. तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यावा लागतो, कारण तेल प्लास्टिकला चिकटून बसते. जिवाणूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा साऱ्या शहराने पाण्याची धास्ती घेतली होती. आपल्या प्रश्नाचा त्याच्याशी संबंध आहे असे मी म्हणत नाही, परंतु त्या दिवसांत ए विंगमधील कितीतरी जणांनी बोअरच्या पाण्याविषयी मलाच विचारले, समितीला नाही.

कायद्याचेही दोन शब्द. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार पर्जन्यजल यंत्रणा कायम चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी संस्थेची आहे, आणि मिळकतकरातील सवलत आपण यंत्रणा चालू असल्याच्या आधारावर घेतो. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ चे कलम २४ प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून विहिरीत जाऊ देण्यास मनाई करते. 'जाणूनबुजून' हा शब्द मी मुद्दाम लिहीत आहे, कारण या पत्रानंतर समितीला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. याच नियमावलीतील झाडे व मोकळ्या जागेच्या तरतुदी मी तूर्त उद्धृत करत नाही. तो विषय वेगळा आहे. लिफ्टसमोरील चपलांच्या स्टँडविषयीही येथे लिहीत नाही.

या मागणीला ए विंगमधील बहुसंख्य आणि बी विंगमधील अनेक सभासदांचा पाठिंबा आहे. काहींनी स्वाक्षरीसाठी वेळ मागितला आहे, काहींनी 'तुम्ही द्या, आम्ही आहोतच' असे सांगितले आहे. बी-१०१ च्या सदस्यांशी माझे वैयक्तिक वैर नाही. त्यांच्या घरी मी गणपतीला जातो आणि यंदाही जाणार आहे.

माझी मागणी माफक आहे. पेव्हर ब्लॉक आठ दिवसांत बी-१०१ च्या खर्चाने काढून तेथे किमान ३०० मिलिमीटर मातीचा, कर्दळ-वाळ्याचा, वर सांगितल्याप्रमाणे खाली गाळणथर असलेला जैवगाळणी वाफा करावा. तोपर्यंत उताराचे पाणी पुनर्भरण खड्ड्यापासून तोडून पावसाळी गटाराकडे वळवावे. गच्चीच्या पाण्याने वर्षाला पाच लाख लिटरांच्या आसपास पुनर्भरण होईल, ते आपल्याला पुरेसे आहे. खड्ड्यातील वरची काळी वाळू काढून टाकावी, आवारात गाड्या धुणे व तेल बदलणे बंद करावे, आणि तीन ठिकाणचे नमुने या पावसाळ्यातच घ्यावेत. नमुने घेताना मी उपस्थित राहीन. तिसऱ्या गाडीसाठी पर्यायी जागा शोधण्याचा भार समितीने स्वतःवर घेऊ नये, तो बी-१०१ ने घ्यावा.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या सदरात नव्हे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी हेच पत्र महापालिकेकडे व उपनिबंधकांकडे पाठवीन. त्याची दोन पाकिटे तयार आहेत.

आपला विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. ए-५०२

प्रत माहितीसाठी: मा. सेक्रेटरी, मा. खजिनदार, सूचना फलक, दोन्ही विंग (कृपया या वेळी काढू नये).