खुलताबाद आणि सूफींची तळमळ

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सूफींवरचा लेख काल पुन्हा वाचला, तरी राग काही उतरला नाही. 'सूफी मार्ग म्हणजे एकट्याने मिळवायची मनःशांती' असे लेखक सांगतात. मनःशांती लाभलेला माणूस खानकाहची, म्हणजे सूफींच्या मठाची, पायरी कशाला चढेल? तिथे जमत ती ईश्वराच्या ओढीने बेचैन झालेली माणसे, आणि हा विरह एकट्याने सोसवत नाही म्हणूनच ती एकत्र बसत. शहरात कोणी उपाशी निजले असेल या विचाराने दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन अवलिया यांना पहाटेचा घास उतरत नसे, असे त्यांच्या चरित्रात आहे. ईश्वराची तळमळ आणि माणसांची काळजी त्यांनी कधी वेगळी केली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरात तिकीट लावून 'सूफी संध्या' झाली. कव्वाल विरहाच्या ओळीवर आले आणि पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ रडत उभे राहिले. लगेच स्वयंसेवक धावला, "काका, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही." ते बसले आणि थोड्या वेळाने निघूनच गेले. चिश्ती या सूफी पंथातल्या महफिलीची रीत याच्या अगदी उलट आहे. एकाला हाल (भावावेश) आला आणि तो उठला की सगळ्यांनी उठायचे, आणि तो सावरेपर्यंत कव्वालाने तीच ओळ घोळवायची. एकाची तळमळ साऱ्या मजलिसीने आपली मानायची. सभागृह मात्र बसून राहिले. त्या माणसाचा अपमान मला अजून सलतो, आणि तुमचा लेख त्या स्वयंसेवकाचीच समजूत पक्की करतो.

खुलताबादचा उल्लेख लेखात फक्त औरंगजेबाच्या कबरीपुरता आहे. ती कबर ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे ते झैनुद्दीन शिराझी, त्यांचे गुरू बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि बुऱ्हाणुद्दीनांचे गुरू निजामुद्दीन. चौदाव्या शतकात बुऱ्हाणुद्दीन दिल्लीहून दौलताबादेत आले, 1337 मध्ये वारले. समामधल्या, म्हणजे सूफींच्या गायन-महफिलीतल्या, त्यांच्या नृत्याची इतकी ख्याती होती की त्या ढंगाला 'बुऱ्हाणी' म्हणत. मराठी वाचकाला हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या.

ता. क. लेखासोबत उंच टोप्या घालून गिरक्या घेणाऱ्या दरवेशांचे छायाचित्र आहे. ते तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातल्या मेवलेवी या सूफी पंथाचे, खुलताबादच्या चिश्तींचे नव्हे. दुरुस्ती छापावी ही विनंती.

— एक वाचक, नाशिक