रंगवलेल्या रोपांवर तशी चिठ्ठी हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुण्यातील काही रोपवाटिकांत आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर निळ्या, गुलाबी, सोनेरी पानांची छोटी रोपे विकायला असतात. ही बहुधा हॉवर्थिया किंवा एचेव्हेरिया यांसारखी रसाळ पानांची झाडे असून त्यांच्यावर चक्क रंगाचा फवारा मारलेला असतो. गिऱ्हाइकाला हे सांगितले जात नाही. उलट विचारले, तर ‘जातच तशी आहे’ असे उत्तर मला मिळाले आहे.

रोप हातात घेऊन निरखले की खरा प्रकार कळतो. पानांच्या बेचक्यात, जिथे फवारा पोहोचलेला नसतो, तिथे मूळचा हिरवा रंग दिसतो; मधोमध नुकते फुटलेले पान हिरवेच असते; आणि नखाने हलके खरवडले तर रंगाचा पापुद्रा सुटतो. पानावर असा थर बसला की हरितद्रव्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश घटतो व पर्णरंध्रेही बुजतात. पाणी राखण्यासाठी ही झाडे दिवसा रंध्रे मिटून घेतात आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. तीच वाट अडली तर मुळात सावकाश वाढणारे झाड नवी पाने फुटेपर्यंत तग धरेलच असे नाही. ते मेले की नवखा माणूस आपलेच पाणी कमीजास्त झाले असे समजून हळहळतो. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

गडद निळ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची गोष्ट थोडी वेगळी आहे. पांढऱ्या फुलांच्या झाडाच्या दांड्यात रंग सोडून ती फुले निळी केलेली असतात आणि पुढचा बहर पांढराच येतो. त्यात झाडाचे फारसे बिघडत नसल्याने, आधी सांगून विकल्यास माझा आक्षेप नाही. पाने रंगवणे मात्र बंदच व्हायला हवे.

अर्थात प्रत्येक भडक झाड बनावट नसते. क्रोटन आणि कोलियसचे रंग त्यांचे स्वतःचेच असतात. हिरव्या खुंटावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला निवडुंगही रंगवलेला नसून, हरितद्रव्य नसलेल्या जिम्नोकॅलिसियमचे ते कलम असते. रंगवलेल्या मालामुळे अशा अस्सल झाडांकडेही लोक संशयाने पाहू लागतात, आणि त्यात प्रामाणिक रोपवाटिकाचालकांचेच नुकसान आहे.

मालाच्या प्रतीविषयी खोटी माहिती देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा ‘रंग दिलेला आहे’ अशी चिठ्ठी प्रत्येक कुंडीवर बंधनकारक करावी, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाच्या संयोजकांनी विक्रीच्या गाळ्यांसाठी ही अट आधीच घालावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे