रिकामा गाळा

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
८ मार्च २०२६

प्रिय नंदू,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग जरा वाईटही वाटलं. एवढ्या हौसेने गाळा बांधलास, रंग काढलास, शटर बसवलंस आणि वर्ष उलटलं तरी भाडेकरूचा पत्ता नाही. आबा म्हणतात, "शटर गंजवण्यापेक्षा आपणच काहीतरी मांडून बसा." आणि तू लिहितोस, पन्नाशीला टेकल्यावर कसलं रे दुकान मांडायचं?

त्या ओळीवर मी अडकलोच. आम्ही दर शनिवारी जिथून आठवड्याचं सामान भरतो, ते 'मायर' दुकान असल्याच एका न खपलेल्या गाळ्यातून उभं राहिलंय. मांडणारा पन्नाशीचा न्हावी होता, आणि जातीचा डच. डच म्हटलं की तुला-मला आपली वेंगुर्ल्याची वखारच आठवणार. शाळा बुडवून तिच्या पडक्या भिंतींवर बसायचो, मास्तरांना कळायचं आणि घरी आबांनाही. पण ते डच व्यापाराला आले आणि गेले. इथले राहायला आले. फरक तिथेच आहे.

या माणसाचं नाव हेंड्रिक मायर. जन्म १८८३ चा, नेदरलँड्सच्या पूर्वेकडच्या हेंगेलोचा. ते कापडगिरण्यांचं गाव. गिरणीत राबायचा, राबता राबता समाजवादी, अराज्यवादी मंडळींत उठबस सुरू झाली. १९०७ मध्ये तो बोटीत चढला आणि इथून जवळच, मिशिगन सरोवराकाठच्या हॉलंड गावात येऊन थडकला.

आता या हॉलंडची गंमत ऐक. १८४७ साली फान राल्टे नावाचा पाद्री आपली मंडळी घेऊन इथल्या जंगलात आला. तिकडे सरकारी चर्चमधून फुटून निघाल्याबद्दल यांना दंड आणि जाच, त्यात बटाट्यावर रोग पडलेला. इथे पहिल्याच उन्हाळ्यात हिवतापाने माणसं पटापट गेली. उरली ती चिवट. १८७१ च्या आगीत, शिकागो जळत होतं त्याच रात्री, यांचंही गाव राख झालं, तर पुन्हा बांधलं. आज तिथे मे महिन्यात ट्यूलिपचा उत्सव असतो. आधी लोक नटूनथटून रस्ते घासतात, मग लाकडी जोडे घालून त्याच रस्त्यांवर नाचतात. 'डच नाही तो काही नाही' अशा अर्थाची एक म्हणही त्यांनी करून ठेवलीय. थट्टेत म्हणतात, पण थट्टेत किती आणि खरं किती, ते नवख्याला लवकरच कळतं.

असल्या रविवार पाळणाऱ्या, चर्चात वाढलेल्या गावात हा चर्चशी देणंघेणं नसलेला गिरणीवाला! मला त्याचं हेच आवडतं. बाहेरून सगळे डच सारखेच. आपण नाही का, इथे 'इंडियन' म्हणून एका पोत्यात भरले जातो, आणि पोत्यात शिरल्यावर मग कोकणस्थ, मालवणी, घाटावरचे सुरू.

हेझिना मांटेल ही त्याची तिकडची प्रेयसी. ती १९१२ मध्ये आली, म्हणजे पाच वर्षं दोघांच्या मध्ये समुद्र आणि टपाल. तोवर याने मिळेल ते काम केलं, हजामत शिकला. पुढे ग्रीनव्हिलला दुकान थाटलं. ते गाव डॅनिश लोकांचं, म्हणजे परक्यांतही परका. जोडीला गाई पाळल्या. योहाना आणि फ्रेडरिक ही पोरं सकाळी दुधाचा रतीब घालायची.

आणि आता तुझा गाळा. हेंड्रिकने हजामतीच्या दुकानाशेजारी भाड्याने द्यायला एक इमारत बांधली आणि नेमकी मंदी आली. भाडेकरू कुठला मिळायला! १९३४ मध्ये त्याने ३३८ डॉलर ७६ सेंटचा माल उधारीवर उचलला आणि स्वतःच किराणा मांडला. शहात्तर सेंटसुद्धा हिशेबात आहेत, बघ. घाऊक व्यापाऱ्याची वही आणि पन्नाशीच्या माणसाची छाती, दोन्ही त्या आकड्यात दिसतात मला. फ्रेड तेव्हा चौदा वर्षांचा.

दूरदृष्टी वगैरे माणूस मोठा झाल्यावर मागाहून चिकटवतात. इथे मला तरी फक्त न गेलेला गाळा दिसतो. पण पुढचं मात्र त्याने नीट हेरलं. माल काउंटरमागून काढून देण्याऐवजी त्याने दाराशी टोपल्या ठेवल्या, घ्या आपापलं. मंदीत लोक पैसा-पैसा मोजत होते, वस्तू हातात घेऊन किंमत बघायला मिळाली की त्यांना बरं वाटायचं. आपल्या तात्यांच्या दुकानात गुळाच्या ढेपेला हात लावला तरी ते खेकसायचे, आठवतं?

फ्रेडने दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या लीनाशी लग्न केलं. मग १९६२ मध्ये बाप-लेकांनी इथे ग्रँड रॅपिड्सला एक लाख ऐंशी हजार चौरस फुटांचं दुकान उघडलं. भाजीपासून कपड्यांपर्यंत सगळं एका छपराखाली. वॉलमार्टचं असलं पहिलं दुकान १९८८ चं, त्याच्या सव्वीस वर्षं आधी. तरी भीती होतीच. म्हणून फरशी सहा इंच जाड घातली. कपडेबिपडे नाही चालले, तर त्या भागात मोटारी विकायला ठेवता येतील! डच माणूस उडी मारतो, पण आधी गादी घालून. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, हेंड्रिक गेला.

फ्रेड २०११ पर्यंत जगला, ९१ वर्षं. खिशात फुकट आइस्क्रीमची कार्डं घेऊन हिंडायचा आणि भेटेल त्याला द्यायचा. त्याच्या नावाची बाग आणि शिल्पवन १९९५ मध्ये उघडलं. तिथे चोवीस फुटी ब्राँझचा घोडा आहे. तुम्ही आलात की दाखवीन, फक्त थंडीत येऊ नका. हेंड्रिकच्या नातवांपैकी हँक आधी वार्ताहर होता, त्याने आजोबांचं चरित्र लिहिलं आणि भावाबरोबर दुकानंही चालवली. सहा राज्यांत दोनशेच्या वर दुकानं झाली, तरी मालकी अजून घरातच. आपल्याकडे तिसऱ्या पिढीत वाटणीचे दावे कोर्टात गेलेले असतात. इथेही बहुतेक घरांत तेच होतं, म्हणून तर या घराचं मला नवल वाटतं.

बागेतल्या घोड्यापेक्षा आमच्या रेवाला दुसरा घोडा प्रिय आहे. जवळपास प्रत्येक मायर दुकानात, पैसे द्यायच्या काउंटरांपुढे, सँडी नावाचा यंत्राचा लहान घोडा असतो. बसायचं, फटीत एक पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, टाकायची, की तो डुलायला लागतो. १९६२ लाही एक पेनी आणि आजही एकच. पिवळसर आयाळ, खोगिराचा रंग पोरांच्या चड्ड्यांनी घासून गेलेला. परवा माझ्या खिशात चिल्लर नव्हती. रेवाचे डोळे भरायला लागले, तेवढ्यात पाहिलं तर खोगिरावर कोणीतरी दोन पेन्या ठेवून गेलेलं. इथे लोक तसं करतात. पहिली टाकली, दुसरी तिने परत खोगिरावर ठेवली. घरी येईपर्यंत मला बजावत होती, "बाबा, ती कुणी चोरणार नाही ना?"

म्हणून तू किराणा मांडच, असं मी म्हणत नाही. तुझ्या समोरच सुपर बाजार झालाय, हे तूच लिहिलंयस. आबांशी बोल, वहिनींना विचार. त्या हिशेबाला तुझ्यापेक्षा पक्क्या आहेत. आणि गाळ्याचा फोटो पाठव, शटर वर करून. आतून किती खोल आहे ते दिसू दे.

आमच्याकडे एक नवीनच घोळ झालाय. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने नव्या पेन्या पाडणं बंद केलं. रेवाने हे शाळेत ऐकलं आणि त्याच दिवसापासून घरातली चिल्लर लोणच्याच्या बरणीत भरायला घेतली. काल मोजल्या, त्रेचाळीस आहेत.

आबांना नमस्कार. खटखटे लाडू पोचले, निम्मे तुटलेले, पण संपले.

तुझा,
सुहास