पक्यास, ऑफिसच्या पत्त्यावर

ऐरोली, रविवार

प्रिय पक्या,

माझं बीपी गोळीवर टिकून आहे, हिचे गुडघे तसेच. झालं तब्येतीचं. आता जे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही ते.

तुर्भे स्टोअरच्या वरच्या वस्तीत आम्ही टीबीच्या पेशंटांना शिधा देतो, हे शिऱ्याने सांगितलंच असेल (स्वतः एकदाही आलेला नाही, पण सांगत सगळीकडे फिरतो). डाळ, शेंगदाणे, तेल, गूळ, अंडी. औषध सरकार फुकट देतं. खाण्यासाठी महिना १००० रुपयेही देतं, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० च होते. पण ते खात्यात जमा होतात, आणि ज्याचं खातं गावाकडे बंद पडलंय त्याने काय करायचं? त्यात खाणीत दगड फोडलेली माणसं. ती धूळ छातीत बसली की टीबीला दार उघडंच. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांनाही धान्य दिलं, तर त्या घरांतले नवे रुग्ण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले, असं २०२३ मध्ये छापून आलं. म्हणून आम्ही शिधा अख्ख्या घराचा देतो आणि म्हणूनच पैसे पुरत नाहीत.

आता एमआयडीसीतली एक कंपनी पैसे द्यायला तयार आहे. अट एकच, शिधा घेताना पेशंटचा फोटो, मागे बॅनर. मागे एका देणगीदाराने काढलेला असाच फोटो वस्तीतल्या ग्रुपवर फिरला. त्यातल्या बाईला घरमालकाने खोली सोडायला लावली, धुणीभांड्याची कामं सुटली. आशाताई जाऊन आली, तर दाराला कुलूप. गोळ्या मध्येच सुटल्या की काय होतं ते तुला मी काय सांगू! देणगीदारांनी पेशंटला शिधा द्यायची सरकारची निक्षय मित्र योजना आहे, तिच्यात पेशंटची संमती घ्यावी लागते खरी, पण पिशवी समोर ठेवून विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

जोशीकाका म्हणतात, "त्यात लपवण्यासारखं काय आहे?" तेव्हा तू आठवलास. नौपाड्याला मावशींकडे उपाशीपोटी टीबीच्या गोळ्या गिळायचास, लघवीचा केशरी रंग दिसू नये म्हणून मोरीत बादल्या ओतत बसायचास, आणि घरात सांगितलंस कावीळ! मावशी बिचाऱ्या रोज उसाचा रस आणायच्या, तो मी प्यायचो. (मामलेदारच्या मिसळीचे पैसे तूच बुडवलेस, ते यात वळते करू नकोस.)

काका पुढे विचारतात, पैसे नाकारले तर पुढच्या महिन्याचा शिधा कुठून आणायचा? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हणतोय, कंपनीला बिलं देऊ, पिशव्यांचे फोटो देऊ, यादीत नावाऐवजी नंबर घालू. ऐकतील का, देव जाणे.

ऋताचं लग्न ठरलं, अभिनंदन! जावई काय करतो? नागपूरच्या घराचं काय झालं?

पुढच्या मंगळवारी कंपनीच्या साहेबांना भेटायचंय. तुझी गोष्ट सांगितली तर त्यांना पटेल असं वाटतं. नाव घेणार नाही, पण तुला विचारल्याशिवाय सांगणारही नाही. "चालेल" किंवा "नको" एवढाच मेसेज टाक. पत्र ऑफिसवर पाठवतोय, कारण वहिनींना अजून कावीळच माहीत आहे ना?

तुझा,
दिल्या