देखभाल शुल्कासाठी चेकची सक्ती बंद करण्याबाबत (स्मरणपत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
डोंबिवली (पूर्व)

महोदय,
सप्रेम नमस्कार.

याच विषयावरच्या माझ्या आधीच्या पत्राची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दरम्यान या तिमाहीच्या बिलात 'थकबाकीवरील व्याज' म्हणून १६२ रुपये लागून आले आहेत. रक्कम किरकोळ आहे. पण चेक मी मुदतीत लॉबीतल्या पेटीत टाकला होता. पेटी खजिनदारांनी उघडली त्यांच्या सवडीने. उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते, हे त्यांनी मला जिन्यात उभे राहून तोंडपाठ म्हणून दाखवले. पेटी कधी उघडायची याबद्दल उपविधी काय म्हणतात, असे मी विचारले, तर म्हणाले, "बघून सांगतो."

मागच्या वेळचा चेक त्यांनी परत पाठवला होता, कारण संस्थेच्या नावात 'मर्यादित' राहिले. खाडाखोड करून सही केलेली चालत नाही, तारीख सोडून चेकवर काहीही दुरुस्त करता येत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून नवा चेक लिहिला. त्यावरची सही त्यांना "जरा वेगळी" वाटली. माझी सही ओळखणे हे माझ्या बँकेचे काम आहे.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअर होतात, सकाळी भरलेला संध्याकाळपर्यंत वटतो, ही बातमी त्यांनी ग्रुपवर टाकली आणि खाली 'चेक जिंदाबाद' लिहिले. रिझर्व्ह बँकेचे कौतुकच आहे. पण तो वेळ मोजायचा बँकेत चेक भरल्यापासून. आपल्या पेटीपासून नाक्यावरच्या शाखेपर्यंतच्या प्रवासाचे रिझर्व्ह बँक तरी काय करणार? आणि कागद तसाही शाखेच्या पुढे जात नाही. मुंबईत २०१३ पासून त्याचा फोटोच पुढे जातो. म्हणजे मी हाताने लिहायचे, त्यांनी पेटीतून काढायचे, कारकुनाने स्कॅन करायचे आणि पुढे सगळे संगणकावर. मग मीच सुरुवातीला फोनवरून पाठवले तर काय बिघडते?

खजिनदारांच्या मते बिघडते म्हणे सुरक्षितता. संस्थेचा खातेक्रमांक सगळ्यांना कळेल! हे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे झाले. पाण्याच्या टाकीच्या कामाचा परतावा संस्थेने मला चेकने दिला होता. त्यावर खातेक्रमांक, आयएफएससी, संस्थेचे नाव आणि आपल्या व सचिवांच्या सह्या असे सगळे एकाच कागदावर होते. क्यूआर कोडवर निदान सह्या नसतात.

त्यांचा दुसरा मुद्दा, चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ लावून खटला भरता येतो. बरोबर. पण खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याचा मँडेट शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तशीच शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड. कलमेच काढायची तर पुढचीही पाने उलटावीत.

तिसरा मुद्दा ज्येष्ठ नागरिकांचा. ब्रिटनमधल्या बँकांनी २०१८ पर्यंत चेक बंद करायचे २००९ मध्ये ठरवले आणि वृद्धांच्या व धर्मादाय संस्थांच्या विरोधामुळे २०११ मध्ये तो बेत सोडला, हेही ग्रुपवर आले. डेन्मार्कने २०१७ मध्ये आणि न्यूझीलंडच्या मोठ्या बँकांनी २०२१ पर्यंत चेक बंद केले, हे मात्र आले नाही. ए विंगमधल्या आजींना चेक लिहायचा असेल तर त्यांनी जरूर लिहावा. मी बंदी आणा म्हणत नाही. (खरे तर म्हणते, पण आपली समिती इतकी मजल मारणार नाही.) आजींच्या नावावर मला चेक का लिहायला लावता, एवढेच विचारते.

आता थोडे विषयांतर. मे महिन्यात लिफ्ट बंद पडली तेव्हा कंपनीचे वार्षिक देखभालीचे पैसे थकले होते. आपण कॅनडाला मुलाकडे होतात, सचिव कोकणात. आपण जाण्याआधी कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवता असे ऐकते. ऐकते म्हणजे खजिनदारांनीच सर्वसाधारण सभेत सांगितले, आणि ते चेक संपल्यामुळे अडचण झाली असेही सांगितले. यावर मी काही बोलत नाही. नेट बँकिंगमध्ये एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची अशी सोय असते, ती कॅनडातूनही चालते. माझ्या सासूबाई आठवडाभर तिसऱ्या मजल्यावर अडकल्या होत्या. त्या भाजीवाल्याला वरूनच यूपीआय करत होत्या.

सी विंगमधल्या बहुतेक सभासदांचे मत माझ्यासारखेच आहे. काहींनी जिन्यात बोलून दाखवले, काहींनी ग्रुपवर अंगठा टाकला आणि नंतर काढला. त्यांची नावे लिहीत नाही, कारण पार्किंगचे वाटप अजून व्हायचे आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. सूचना फलकावर क्यूआर कोड लावावा. पैसे पाठवताना सदनिका क्रमांक लिहा, असे त्याखाली लिहावे, म्हणजे 'कोणाचे आले कळत नाही' ही तक्रार राहणार नाही. १६२ रुपये पुढच्या बिलात वळते करावेत. आणि पेटी ठेवायचीच असेल तर तिची किल्ली खजिनदारांच्या घरी न राहता कार्यालयात राहावी.

या तिमाहीचे पैसे मी एनईएफटीने भरले आहेत. खातेक्रमांक वर सांगितलेल्या चेकवरूनच घेतला. बँकेने त्या व्यवहाराला दिलेला यूटीआर क्रमांक सोबत जोडला आहे. खजिनदारांना ही रक्कम नियमबाह्य वाटली तर त्यांनी ती खुशाल परत करावी, फक्त चेकने करू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
सदनिका सी-३०३

प्रत: सचिव; खजिनदार (पेटीत टाकली आहे)