विषय : दोन वर्षांच्या मुलीच्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्टवर मोठ्या माणसांची नॉर्मल रेंज छापल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या विश्रामबाग, सांगली येथील कलेक्शन सेंटरवर माझ्या मुलीचे रक्त सीबीसीसाठी दिले होते. ताप उतरत नव्हता म्हणून डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात हलका, वागणे प्रेमाचे; त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती रिपोर्टबद्दल.

रात्री मोबाइलवर आधी मेसेज आला : 'आपल्या अहवालात गंभीर बदल आढळले आहेत, त्वरित तज्ज्ञांना भेटा.' खाली आणखी तपासण्यांच्या पॅकेजची लिंक. रिपोर्ट उघडला तर एकूण पांढऱ्या पेशी १२,४००, लाल अक्षरांत, जास्त. त्या पेशींच्या प्रकारांपैकी लिम्फोसाइट ५८ टक्के, जास्त. न्यूट्रोफिल ३२ टक्के, कमी. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. आम्हा दोघांच्या मनात रक्ताच्या कर्करोगापर्यंत सगळे येऊन गेले.

सकाळी मिरजेला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बाळाला नीट तपासले, मग रिपोर्टच्या उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे ४,००० ते ११,००० छापले होते, लिम्फोसाइटपुढे २० ते ४०. ही रेंज मोठ्या माणसांची. दोन वर्षांच्या मुलांत एकूण काउंट साधारण ५,००० ते १५,००० असू शकतो आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइटच न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात. शिवाय नुसत्या टक्क्यांवर जायचे नसते. १२,४०० चे ३२ टक्के म्हणजे जवळजवळ ४,००० न्यूट्रोफिल. तिच्या वयाला ते भरपूर आहेत, १,५०० च्या खाली गेले असते तर काळजी. हा प्रत्यक्ष आकडा आपल्या रिपोर्टवर कुठेच नाही.

त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'वय : २ वर्षे' असे आपणच छापले आहे. मग खालची रेंज त्या वयाची का नाही? हेल्पलाइनवर विचारले तर 'रेंज सिस्टीममध्येच सेट आहे' एवढेच उत्तर मिळाले. सिस्टीम आपलीच आहे, आणि रिपोर्टखाली पॅथॉलॉजिस्टची सही आहे.

आमचा जीव टांगणीला लागला, तेवढ्यावर निभावले. पण याच्या उलटही होऊ शकते, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. एखाद्या दोन वर्षांच्या बाळाचा काउंट ४,२०० आला, तर आपल्या रेंजप्रमाणे तो काळ्या अक्षरांत, नॉर्मल म्हणून छापला जाईल. आईबाप निश्चिंत होतील आणि डॉक्टरांना दाखवायचे राहून जाईल. जिल्ह्याच्या आडगावांतून नमुने आपल्याकडे येतात. तिथल्या प्रत्येक घराला दुसऱ्या दिवशी मिरज गाठता येत नाही.

पैसे परत नकोत. मुलीचा रिपोर्ट तिच्या वयाच्या रेंजसह दुरुस्त करून द्यावा. यापुढे मुलांच्या प्रत्येक रिपोर्टवर वयानुसार रेंज आणि टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष संख्याही छापावी. 'गंभीर' हा शब्द पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिल्याशिवाय कुणाच्याही मोबाइलवर जाऊ नये, आणि त्याच मेसेजमध्ये पॅकेज तर मुळीच विकू नये. याआधी या रेंजने गेलेले लहान मुलांचे रिपोर्ट पुन्हा तपासून त्या पालकांना कळवावे, ही माझी सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

मूळ रिपोर्ट आणि मेसेजची प्रत सोबत जोडली आहे. लेखी उत्तर द्यावे.

आपली,
एक ग्राहक, विश्रामबाग, सांगली